डाव्या पंखाखाली

एप्रिल संपत आला तरी तळ्यावर बर्फ होता,
कडेनं सुटलेला, मधे राखाडी.
हँगरात बाहेरपेक्षा जास्त थंडी.
बहीण गाडीतच बसली, शब्दकोडं घेऊन.
तिचा नवरा रेइयो शेपटीवरचे आकडे वहीत उतरवतो,
मी फोटो काढते.
अकरा वर्षं आम्ही असे फिनलंडभर हिंडतोय,
जिथं म्हणून एखादं जुनं विमान
छपराखाली ठेवलंय, तिथं.

विमान कधी एका फोटोत मावत नाही.
मागं सरकावं तर दुसऱ्याचा पंखा पाठीत टोचतो,
वाइड लेन्स लावावी तर नाक सुजतं,
आणि कुठूनही बघा, आग विझवायचं ते लाल नळकांडं
मधे उभंच,
लग्नाच्या फोटोत घुसलेल्या कुणाच्या तरी पोरासारखं.

दोन इंजिनांचं बॉम्बर. रंग दोनदा दिलेला,
खालचा आकडा बुजलेला.
रेइयो बॅटरी तिरकी धरून बघत राहिला,
गुडघ्यावर, मग टाचा उंचावून.
रोलमध्ये एकच फोटो उरला होता
आणि तो शेपटीचा, असं आमचं ठरलेलं.

तिकिटाच्या टेबलाशी लेंपीबाई मोजा विणत होत्या.
आमची तिसरी फेरी बघून उठल्या,
वेलदोड्याचा पाव तसाच हातात.
"काय हरवलंय?"
आकडा, रेइयो म्हणाला.
"आकडा मला ठाऊक नाही.
पण डावा पंख माझा आहे."

दोरीपलीकडे जाऊ नये, असं तीन भाषांत लिहिलेलं.
त्यांनी दोरी उचलली,
वाळत घातलेली चादर उचलावी तशी,
आणि मला म्हणाल्या, "झोपा."

सिमेंट पाठीतून वर येत गेलं.
वर रिव्हेटांच्या रांगा,
शिवणीसारख्या सरळ, दूरवर.
"बाहेरून बंदूक इर्या चालवायची.
आत लोखंडी ठोकळा धरून मी.
माझं मनगट बारीक, भोकातून जायचं.
आवाज इतका की बोलणं ऐकूच यायचं नाही.
पत्र्यावर एक टकटक म्हणजे बसला.
दोन म्हणजे पुन्हा."

"आता इकडं बघा. तिसरी रांग."
तिसऱ्या रांगेत सात रिव्हेट वाकडे.
सरळ चालता चालता रस्ता चुकावा
आणि जरा पुढं परत सापडावा, असे.
मी वाट बघत होते: आता त्या
सायरन सांगतील, तार सांगतील, कुणाचं तरी नाव.
"त्या दिवशी माझी दाढ दुखत होती," लेंपीबाई म्हणाल्या.
"तपासनीस जेवायला गेलेला. पास झालं."

पाव खाऊन त्यांनी हात झगाऱ्याला पुसले.
"पुढं हे कुठं गेलं, कुणावर काय टाकून आलं,
मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
ठोकळा जड होता, तेवढं आठवतं."
मग वाकड्या रांगेजवळ
बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं.
पत्रा पोकळ बोलला.
त्या क्षणभर थांबल्या, कान तिरका करून,
आणि मी बटण दाबलं.

रेइयो काही बोलला नाही.
रोल सरला, मागं गुंडाळण्याचा तो आवाज
सगळ्या हँगरभर.

फोटो तसा बिघडलाच.
फ्लॅश पत्र्यावरून उसळलाय,
सातातले पाचच रिव्हेट दिसतात
आणि कोपऱ्यात एक पेर, हललेलं.
रेइयोनं तो वहीत चिकटवलाय.
आकड्याचा रकाना रिकामा,
बाजूला पेन्सिलीनं, अगदी बारीक: दाढ.

अजून कधी जेवताना म्हणतो,
शेपटी राहिली.
राहिली.